विचारा की! : नवी टाकी, गोल्डफिश आणि पाण्याची भानगड

या खेपेला आलेली पत्रं बघितली तर निम्म्याहून जास्त गोल्डफिशची. सुट्टी लागली की पोरं हट्ट धरतात, आईबाप टाकी घेऊन येतात, आठवडाभरात एखादा मासा उलटा तरंगतो आणि मग सगळे मिळून दुकानदाराला नाहीतर माशाला नावं ठेवतात. म्हणून कुंड्या आणि मांजरं यावेळी बाजूला, फक्त गोल्डफिश, आणि त्यातही फक्त पाणी, कारण पत्रांत रोग म्हणून जे जे लिहिलंय त्यातलं बहुतेक पाण्याचंच दुखणं आहे.

दादा, पोराच्या वाढदिवसाला दोन फुटी टाकी आणली, चार गोल्डफिश सोडले. तिसऱ्या दिवशी पाणी दुधासारखं पांढरं झालं. मग मी सगळं पाणी काढलं, खडी साबणाने नाही पण गरम पाण्याने धुतली, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून काढला, नवीन पाणी भरलं. दोन दिवसांनी परत तेच. आता दर तीन दिवसांनी धुतोय तरी दोन मासे गेले. एवढी स्वच्छता ठेवून पण असं का व्हावं?
— एक बाबा, शहापूर, बेळगाव

बाबा, तुमचा राग कळतोय पण घोळ त्या स्वच्छतेतच आहे बघा. मासा श्वास घेताना कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, वर त्याची शी, वर उरलेलं खाणं कुजतं, त्याचाही अमोनियाच. वास येणार नाही, रंग दिसणार नाही, पाणी काचेसारखं लख्ख दिसेल आणि आत माशाचे कल्ले जळत असतील. नदीत-तळ्यात हा अमोनिया खाणारे बॅक्टेरिया असतातच. एक जात अमोनियाचा नायट्राइट करते, तोही विषारीच, मग दुसरी जात त्या नायट्राइटचा नायट्रेट करते, तो थोडाफार असला तर मासा सहन करतो. नव्या टाकीत या दोन्ही जाती नसतात म्हटलं तरी चालेल. त्या स्पंजवर, खडीवर, काचेवर हळूहळू चिकटतात आणि दोन्ही नीट बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आपल्याकडच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत त्याहून जास्त.

आता तुम्ही काय करू लागलाय, दर तीन दिवसांनी खडीवर गरम पाणी ओतताय आणि स्पंज क्लोरीनच्या पाण्याखाली पिळताय, म्हणजे जे चार बॅक्टेरिया येऊन बसले तेही मारून टाकताय. टाकी कायम पहिल्याच दिवसावर. ते पांढरं पाणी म्हणजे वेगळेच, पाण्यात तरंगणारे बॅक्टेरिया, जास्तीचं खाणं मिळालं की फुगतात आणि काही दिवसांत आपोआप बसतात. ते दिसायला वाईट, बाकी फारसं काही करत नाहीत, फक्त पाण्यातला ऑक्सिजन ओढतात म्हणून एअर पंप जोरात चालू ठेवायचा. मारतो तो न दिसणारा अमोनिया.

तुमच्या टाकीचा हिशोब करू. दोन फुटी म्हणजे बहुतेक २४ बाय १२ बाय १२ इंच असणार. लांबी, रुंदी, उंची इंचात गुणायची आणि ६१ ने भागायचं की लिटर येतात, म्हणजे साधारण ५६. खडी आणि वरची मोकळी जागा गेली की ५० लिटरसुद्धा धड राहत नाही. त्यात चार गोल्डफिश? ओ, हा मासा दुकानात दोन बोटांएवढा दिसतो म्हणून फसायचं नाही, नीट जगला तर फॅन्सी जातीचा, म्हणजे गोलमटोल, दुहेरी शेपटीचा, वीतभर होतो आणि साधा लांबट अंगाचा, एका शेपटीचा त्याहूनही मोठा, आणि दहा वर्षं सहज जगतो. एका फॅन्सी गोल्डफिशला ७५ लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला ४० लिटर जास्त, असं मी धरून चालतो. तुमचे आता दोन राहिलेत, तेवढेच राहू देत, तिसरा आणू नका आणि वर्षभरात मोठ्या टाकीची तयारी ठेवा.

लगेच काय करायचं ते सांगतो. सगळं पाणी काढणं आजपासून बंद. अमोनिया आणि नायट्राइट मोजायचं थेंबांचं किट आणा, पट्ट्यांचं नको, त्यात रंग धड कळत नाही. किट महाग वाटलं तर गल्लीतल्या दोघा-तिघांत मिळून घ्या. पहिला महिना रोज मोजायचं. दोन्ही शून्य पाहिजेत. पाव पीपीएमच्या (म्हणजे लिटरला पाव मिलिग्रॅमच्या) आसपास दिसलं तर पाव भाग पाणी बदला, अर्धा किंवा वर गेलं तर अर्धं पाणी, आणि परत दुसऱ्या दिवशी मोजा. नवीन पाणी क्लोरीन काढलेलं आणि टाकीएवढ्याच तापमानाचं पाहिजे. खडी तशीच राहू दे, नळीने तळातली घाण ओढून घेतली की बास. स्पंज घाण झाला तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, बादलीत, दोनदा हलकेच दाबायचा. पाणी तपकिरी निघालं म्हणून अजून पिळत बसायचं नाही.

आणि खाणं कमी करा. पोरं काचेला नाक लावून बसतात आणि मासा तोंड उघडझाप करतो म्हणून दहा वेळा टाकतात. तो भुकेला नसतो, तो तसाच असतो! पहिले दोन आठवडे दिवसाआड, दोन मिनिटांत संपेल एवढंच. डबा पोरांच्या हातात देऊ नका, वरच्या फळीवर ठेवा.

सगळ्यात सोपा उपाय शेवटी सांगतो कारण तो कुणी करत नाही. ओळखीत कुणाची वर्ष-दोन वर्षं जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा, त्यांच्याच पाण्यात बुडवून, ओला, तासा-दोन तासांत, आणि तुमच्या फिल्टरमध्ये घाला. दुधाला विरजण लावतो तसंच हे. महिन्याचं काम आठवड्या-दोन आठवड्यांवर येऊ शकतं. फक्त त्या टाकीत आजारी मासे नाहीत ना एवढं बघून घ्या, कारण स्पंजबरोबर रोगही येतो.

आमच्याकडे नळाला पाणी येतं ते पितळेच्या घागरी आणि तांब्याच्या हंड्यात भरून ठेवतो, सासूबाई म्हणतात तेच पाणी माशांना घाल, चोवीस तास राहिलं की क्लोरीन उडतो. पण पाणी बदललं की मासे कोपऱ्यात जाऊन बसतात आणि अंगावर लाल रेघा येतात. सासूबाईंना काय सांगू?
— एक सून, टिळकवाडी

वहिनी, क्लोरीनचं सासूबाई बरोबर सांगतात, हंड्याचं मात्र नाही. बेळगावच्या नळाला मार्कंडेय नदीवरच्या राकसकोपचं आणि घटप्रभेवरच्या हिडकलचं पाणी येतं, ते शुद्ध करून क्लोरीन घालून सोडतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नळापर्यंत पोचताना लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा असं आहे. माणसाला तो चालतो, माशाच्या कल्ल्यांना तेवढाही चालत नाही. रुंद तोंडाच्या बादलीत उघडं ठेवून चोवीस तास गेले की साधा क्लोरीन निघून जातो, एअर पंपाचा दगड सोडला तर लवकर. अरुंद तोंडाच्या घागरीत आणि वर झाकण ठेवून तो कुठे जाणार?

पण खरी अडचण तांब्याची. तांबं पाण्यात अगदी कणभर उतरलं तरी माशाला बाधतं आणि पाणी जितकं मऊ, म्हणजे कमी चुन्याचं, तितकं जास्त बाधतं. पितळेतही तांबंच असतं. माणसाने तांब्याच्या भांड्यातलं प्यावं की नाही ते सासूबाई ठरवतील, माशांसाठी प्लास्टिकची एक बादली वेगळी ठेवा, तिच्यात साबण, फिनेल, निरमा काही म्हणजे काही पडता कामा नये. तुरटी फिरवलेलं पाणीसुद्धा नको हां, पावसाळ्यात गढूळ आलं की बऱ्याच घरांत फिरवतात, त्याने पाण्याचा पीएच (आंबटपणा मोजायचा आकडा, सातच्या खाली गेला की पाणी आंबट) खाली येतो आणि ॲल्युमिनियम माशाला मानवत नाही.

घाई असेल तर दुकानात अँटी-क्लोरीनचे थेंब मिळतात, त्यात बहुतेक वेळा सोडियम थायोसल्फेट असतं, म्हणजे पूर्वी फोटो स्टुडिओवाले ज्याला हायपो म्हणायचे तेच. काही मिनिटांत काम करतं. बाटलीवर लिहिलंय तेवढंच घालायचं. पावसाळ्यात नळाच्या पाण्याला जास्त वास यायला लागला की नुसत्या बादलीवर विसंबू नका, थेंब घालाच. आणि घरावरची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतली असेल तर निदान दोन दिवस माशांचं पाणी बदलूच नका.

लाल रेघा म्हणजे अंगाची आणि परांची आग झालीय. पाणी सुधारलं की आठवड्या-दोन आठवड्यांत जातात. कधी कधी त्याच जागी काळे डाग उमटतात, ते बघून घाबरू नका, बऱ्या होत आलेल्या जखमेची ती खूण असते.

सर, आमची विहीर आहे, जांभ्या दगडातली, पाणी गोड, क्लोरीन बिलोरीन काही नाही. चार महिने मासे झकास होते. मग जरा सुस्त दिसायला लागले म्हणून मी विचार केला मोठं पाणी बदलूया, भावाच्या बोअरचं पाणी आणून जवळजवळ पूर्ण टाकी बदलली. सकाळी बघतो तर पाचच्या पाच गेले. बोअरच्या पाण्यात विष होतं काय?
— एक शेतकरी, खानापूर तालुका

काका, वाईट वाटलं वाचून. बोअरमध्ये विष असायची गरज नाही, विष टाकीतच होतं, फक्त झोपलेलं होतं. जरा सावकाश वाचा, कारण खानापूरकडून येणाऱ्या बऱ्याच पत्रांचं उत्तर हेच आहे.

तुमच्याकडे पाऊस धो धो, जमीन जांभ्याची, त्यामुळे विहिरीच्या पाण्यात चुना जवळजवळ नसतोच. असं मऊ पाणी प्यायला गोड, डाळ पटकन शिजते, पण टाकीत त्याची एक खोड आहे. मघाशी सांगितले ते बॅक्टेरिया अमोनिया खाताना आम्ल तयार करतात. पाण्यात चुना, म्हणजे कार्बोनेट, असेल तर तो हे आम्ल गिळतो आणि पीएच जागेवर राहतो. तुमच्या पाण्यात गिळायला काहीच नाही, म्हणून महिना-दोन महिने बरं चालतं आणि मग पीएच सात वरून साडेसहा, सहा असा घसरत जातो. साडेसहाच्या खाली बॅक्टेरियांचं काम मंदावतं आणि सहाच्या आसपास जवळजवळ थांबतंच. मग अमोनिया साठायला लागतो.

पण मासे मरत नाहीत, नुसते सुस्त होतात. कारण आम्लाच्या पाण्यात तो जवळजवळ सगळा अमोनियम या रूपात असतो, जे फारसं बाधत नाही. पीएच एकाने वाढला की विषारी रूपाचं प्रमाण साधारण दहा पट होतं, २५ अंशाला पीएच ७ असताना जेमतेम अर्धा टक्का, पीएच ८ ला पाच टक्क्यांच्या वर. तुम्ही भावाचं बोअरचं पाणी घातलंत, त्याचा पीएच वरचा असणार, आणि शिल्लक पाण्यात, खडीत, फिल्टरच्या चिखलात साठलेलं सगळं एका रात्रीत जागं झालं. शिवाय एकदम पीएच बदलल्याचा धक्का तो वेगळाच. आधी मोजलं असतं, आणि रोज थोडं थोडं, दहा दहा टक्के बदललं असतं, तर बहुतेक वाचले असते.

पुढच्या खेपेला दोन उपाय. एक म्हणजे शिंपले. चोर्ला घाट उतरून गोव्याला जाणं होतच असेल, नाहीतर घरी तिसऱ्या आणल्या की शिंपले टाकून देऊ नका (रस्सा आधी खाऊन घ्या!), ते घासून, उकळून, वाळवून, फोडून, जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरच्या पाण्याच्या वाटेत ठेवा. पाणी आंबट झालं की ते विरघळतात, नसलं की गप्प राहतात, म्हणून यात जास्त झालं असं सहसा होत नाही. दुसरा उपाय खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, वॉशिंग सोडा नव्हे. ५० लिटरला एक चहाचा चमचा म्हणजे बरीच वाढ होते, म्हणून आधी पाव चमचा, दुसऱ्या दिवशी पाव, असं. आणि पीएचबरोबर केएच, म्हणजे पाण्यातला तो कार्बोनेट, मोजायचं किट मिळालं तर ते घ्या, तुमच्या भागात मला ते पीएच किटपेक्षाही कामाचं वाटतं, कारण पीएच घसरला की कळून काय उपयोग, घसरायच्या आधी कळलं पाहिजे.

पावसाळ्यात पंचायतीने विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर मग तुमचं पाणीही क्लोरीनचंच, तेवढं विचारून घ्या.

बोअरचं पाणी आहे, काचेवर पांढरे थर बसतात, घासून निघत नाहीत. दुकानदार म्हणतो फिल्टर केलेलं आरओचं पाणी घाला. रोज कॅन आणायचे काय?
— एक वाचक, अथणी

कॅन प्यायला आणा, माशाला नको. गोल्डफिशला जड पाणी मानवतं, उलट वर खानापूरच्या काकांची जी अडचण ती तुम्हाला कधी येणार नाही. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, नुसतं तेच घातलं की तुम्ही पैसे देऊन काकांची अडचण विकत घेताय. पांढरे थर व्हिनेगरच्या फडक्याने निघतात, टाकीबाहेर कापड ओलं करून मग पाण्याच्या वरच्या काचेवर पुसायचं.

तीन गोष्टी मात्र बघा. बोअरचं पाणी वर येतं तेव्हा त्यात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असू शकतो, म्हणून रात्रभर बादलीत एअर पंप सोडून मगच घाला. दुसरं, उसाच्या पट्ट्यात राहताय, खताचा नायट्रेट जमिनीत उतरून बोअरला येतो. नळाखालचंच पाणी एकदा नायट्रेटसाठी मोजा. टाकीत नायट्रेट ४० पीपीएमच्या खाली ठेवायचा असतो आणि तुमचं नवीन पाणीच तेवढं असेल तर पाणी बदलून तो कसा उतरणार? (पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, तेव्हा हे घरातल्या माणसांसाठीपण कळलेलं बरं.) तसं निघालं तर मात्र थोडं आरओ मिसळा, अर्ध्याला अर्धं. किंवा मनी प्लांटच्या मुळ्या पाण्यात आणि पानं बाहेर अशी फांदी टाकीवर लावा, नायट्रेट बराच ओढते. तिसरं, जड पाण्याचा पीएच बहुधा आठच्या आसपास किंवा वर असतो, म्हणजे तुमच्याकडे थोडासा अमोनियासुद्धा जास्त चावणार. पाव पीपीएम खानापुरात चालून जाईल, अथणीत नाही.

दुकानदाराने निळं औषध आणि मीठ दोन्ही दिलंय, म्हणाला दर आठवड्याला घाला, मासे कधी आजारी पडणार नाहीत. घालू का?
— एक कॉलेजकुमार, निपाणी

नको रे बाबा. ते निळं म्हणजे बहुतेक मिथिलीन ब्लू, बुरशीवर चांगलं औषध आहे, पण वेगळ्या टबात. टाकीत घातलंस तर फिल्टरचे बॅक्टेरिया मरू शकतात आणि काचेचे सिलिकॉनचे जोड कायमचे निळे होतात. न झालेल्या रोगाला औषध कशाला.

मीठ मात्र एका वेळी खरंच कामाचं, नायट्राइट वर गेला असेल तेव्हा. नायट्राइट रक्तात शिरला की रक्त ऑक्सिजन धरेनासं होतं, तपकिरी पडतं, आणि पाण्यात भरपूर हवा असूनही मासा वर येऊन भकभक करतो. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत येऊ देत नाही. खडे मीठ, लिटरला एक ग्रॅम, वेगळ्या पाण्यात विरघळवून हळूहळू. नायट्राइट शून्य झाला की बंद. मीठ उडून जात नाही, पाणी बदलशील तेवढंच कमी होतं, म्हणून दर आठवड्याला टाकत गेलास तर साठत जाईल. अमोनियावर मिठाचा उपयोग शून्य. आणि मिठाचं पाणी कुंडीत ओतू नकोस, बिनमिठाचं खुशाल ओत, तुळस तरारते.

वारा-पाऊस सुटला की आमच्याकडे लाइट जाते ती चार-पाच तास येत नाही. मासे टिकतील का?
— एक आजी, अनगोळ

आजी, टाकीत गर्दी नसेल तर मासे टिकतात. लाइट गेली की खाणं बंद, आणि तांब्या नको, स्टीलच्या ग्लासने टाकीतलंच पाणी काढून जरा वरून परत ओतायचं, अधूनमधून. सेलवरचा एअर पंप मिळतो, एक घेऊन ठेवायला सांगा नातवाला. जास्त काळजी फिल्टरची, बंद डब्यातला फिल्टर चार-पाच तास थांबला की आतल्या बॅक्टेरियांना हवा मिळत नाही, पाणी कुजतं. लाइट आल्यावर तसाच चालू केला तर ती घाण टाकीत येते, म्हणून आधी डब्यातलं पाणी ओतून टाकायचं. साधा स्पंज फिल्टर टाकीतच उघडा असतो, त्याला हा त्रास कमी, तुमच्या भागात तोच बरा.

मासे मोठे झाले, टाकी पुरत नाही. किल्ला तलावात सोडले तर चालेल का? मोकळे राहतील बिचारे.
— एक ताई, कॅम्प

नाही ताई. गोल्डफिश तळाचा चिखल उकरतो, पाणी गढूळ करतो, दुसऱ्या माशांची अंडी खातो, आणि घरातले रोग तलावात नेतो. विहिरीत, मार्कंडेयातही नको. मोठी टाकी नाहीतर अंगणात सिमेंटचा हौद असलेलं कुणी शोधा, बंगल्यांच्या बाजूला विचारलं तर मिळतात. कुणीच नसेल तर ज्या दुकानातून आणले तिथे विचारा, मोठे गोल्डफिश बरेच दुकानदार परत घेतात, पैसे देत नाहीत पण घेतात.